वहीतली लाल रेघ

वाशी, मंगळवार, १७ मे १९८३

जेवण गेलंच नाही. ती चादर डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आज माझी विद्यार्थिनी कांबळे, तिचा नुसते काटे बघून विमान उतरवायचा धडा होता. डोळ्यांवर हूड, बाहेरचं काही दिसत नाही. धावपट्टी जवळ आली आणि समोरून जोराचा वारा आला. हा काटा समोरच्या हवेचा जोर मोजतो, म्हणून सत्तरवरून थेट पंच्याऐंशीवर. तिने लगेच थ्रॉटल मागे घेतला, इंजिनाची ताकद कमी केली, अगदी सफाईने. दुसऱ्याच क्षणी वारा पडला. काटा पंचावन्नवर, विमान सरळ खाली. मी कंट्रोल हिसकावले, पूर्ण पॉवर दिली. खाली कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली चादर. तिच्यावरची फुलंसुद्धा दिसली मला.

उतरल्यावर ओरडणारच होतो. ती म्हणाली, "सर, तुम्हीच शिकवलंत ना?" आणि वही उघडली. 'वेग वाढला की थ्रॉटल लगेच मागे.' खाली लाल रेघ.

वाक्य माझंच. रोजच्या हवेत ते बरोबरही आहे. पण असा वाढलेला वेग वाऱ्याचा असतो, वाऱ्याबरोबरच जातो, हे कधी सांगितलं मी? नाहीच.

उद्या कांबळेला नीट समजावीन. पण आठ वर्षांत हेच वाक्य लिहून घेऊन गेलेली पोरं? ती आता प्रवासी घेऊन उतरतात.