तीन गाठींची सुतळी

३ मार्च, सोमवार

आल्या एकदाच्या पेट्या! दोन हमालांनी तीन मजले चढवल्या. एकानं विचारलं, आत दगड भरलेत का? म्हटलं, गाणी. तो हसला नाही. बिचाऱ्याला धाप लागली होती.

कमरेएवढे उंच, काळे, दोन स्पीकर. आमच्या घरात त्यांना कायम पेट्याच म्हणत. लेक बजावून गेलीय — नवी खोली दहा बाय बारा, त्यात तुझं शिवणाचं मशीन, कपाट, पलंग. पेट्या नीट बसल्या तर ठेव, नाहीतर महिनाअखेर कुणाला तरी देऊन टाकू. हल्ली म्हणे वाटीएवढ्या स्पीकरनं घर दणाणतं. तिचं चुकत नाही. पण ह्यांच्या सामानातून मी एवढंच आणलंय. पेट्या, कॅसेटचा टेप, आणि त्यांची खुर्ची.

४ मार्च, मंगळवार

पेट्यांवर चादरी घातल्या. दिवसभर घरात दोन अबोल पाहुणे आल्यासारखं वाटत होतं.

६ मार्च, गुरुवार

खरं लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय! ह्यांना जाऊन चौदा महिने झाले आणि मी एकदाही गाणं लावलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, रडू येईल म्हणून. तसं नाही. लाज वाटते म्हणून.

लेक पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम अंगावर घेतलेलं, मशीन सकाळपासून थांबलं नव्हतं. हे नवी कॅसेट घेऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "एवढं एक गाणं होईस्तोवर थांबतेस का?"

मी मान वर न करता म्हटलं, "गाण्यांनी घर चालत नाही. मशीननं चालतं."

त्यांचा कारखाना तेव्हा बंद पडला होता. ठाऊक होतं मला. ठाऊक होतं म्हणूनच बोलले. माझी जीभ तेव्हा कात्रीच होती, पण कापायचं तिथे सोडून भलतीकडेच चालायची. त्यांनी पुन्हा कधी मशीन थांबवायला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मात्र दिवसभर पेट्या सरकवत बसले. पुढे, मागे, तिरक्या. एक तर पार खिडकीकडे, माझ्या मशीनकडे तोंड करून ठेवली. माझी खडखड दाबायला, दुसरं काय! मीही हट्टानं जोरात पाय मारत राहिले.

पुढं बावीस वर्षं ते ऐकत राहिले, मी शिवत राहिले. भांडण नाही, तंटा नाही. पण मी त्यांची गाणी नासवली का, एवढं विचारायचं राहून गेलं. रोज वाटायचं, आज विचारू. रोज काहीतरी शिवायचं असायचं.

९ मार्च, रविवार

पेट्यांच्या खाली लावायचे टोकदार पाय सापडेनात. अर्धा दिवस शोधले. शेवटी बटणांच्या सगळ्यात खालच्या डब्यात मिळाले. आठच्या आठ पाय, आणि सोबत सुतळीचं गुंडाळं. एका टोकाला फास, पुढे तीन गाठी, आणि प्रत्येक गाठीवर रंगीत दोरा घट्ट गुंडाळलेला. लाल, हिरवा, निळा.

माझे दोरे! त्या निळ्या रिळासाठी मी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीवर आळ घेतला होता. आणि हे शांतपणे मलाच सांगत होते, पलंगाखाली बघ एकदा!

१० मार्च, सोमवार

दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, चाळीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले. सुतळीचं सांगितलं तर फोनवरच हसायला लागले. म्हणाले, ते पेट्यांचं माप आहे, वहिनी. लाल गाठ भिंतीपासून पेटीपर्यंत. हिरवी एका पेटीपासून दुसरीपर्यंत. निळी पेटीपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत. शुक्रवारी येतो, तोवर हात लावू नका.

११ मार्च, मंगळवार

हात लावला.

सुतळीवर माझा विश्वास नाही, ओढली की लांबते. म्हणून गाठींची मापं शिवणाच्या मोजपट्टीवर घेतली, वहीत मांडली, शेजारणीला हाताशी धरून पेट्या लावल्या. कॅसेट घातली. चौदा महिन्यांनी.

आणि काय — पिंपात तोंड घालून कुणी गातंय असा आवाज! शेजारीण भिडेखातर म्हणाली, छान आहे. मी बंद करून टाकलं. वाटलं, माझ्या हातून ते लागायचंच नाही. बरोबरच आहे म्हणा.

१४ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीवाले आले. गुडघे धरत तीन मजले चढले, पाणी प्यायले, आणि माझी वही बघून पुन्हा हसायला लागले. प्रत्येक मापाला मी कापडाला सोडतात तशी दोन बोटं माया सोडली होती! पन्नास वर्षांची सवय, हात ऐकतो थोडाच. "वहिनी, ही पेटी आहे. सदरा नाही. धुतल्यावर आटायची नाही." शिवाय एका पेटीच्या तारा उलट्या जोडल्या होत्या, लाल ती काळीत. त्या त्यांनी बदलल्या.

मग सुतळीनंच सगळं पुन्हा. फास पेटीच्या पायात अडकवायचा, निळी गाठ हातात ताणून धरायची आणि जमिनीवर कमान काढायची. मग दुसऱ्या पेटीवरून तसंच. माझा कापडावरचा खडू कामी आला. दोन कमानी जिथे एकमेकींना कापतात, तिथे ऐकणाऱ्यानं बसायचं. तिथे ह्यांची खुर्ची ठेवली. बाई गं, दोन पेट्यांच्या बरोब्बर मधे, रिकाम्या भिंतीपाशी, गाणारी उभी! तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

आणि हे मला ओळखीचं होतं. तिकडे जुन्या घरी शिवताना दोरा तुटला की मशीन थांबायचं, आणि सुई ओवेपर्यंत ती बाई अशीच समोर उभी राहून गायची. मला वाटायचं, चांगल्या पेट्या म्हणजे घरभर असंच ऐकू येत असेल.

दुरुस्तीवाले म्हणाले, छे, ही एकच जागा. इथून हातभर सरकलात की सगळं एका पेटीत जाऊन बसतं. निघताना दारात थांबले. "त्यानं दुकानात येऊन विचारलं होतं मला. ऐकणारा जागचा हलतच नसेल तर काय करायचं? म्हटलं, मग सोपं आहे, सुतळी घे आणि पेट्या हलव."

खरंच आहे. खुर्चीत बसले की हे कुठले हलतायत!

१५ मार्च, शनिवार

सकाळी दोन गाणी. मशीन बंद ठेवून. उशिरा का होईना, थांबले बाई तुमच्यासाठी.

२३ मार्च, रविवार

लेक आली. खुर्चीत बसवून एक अख्खी बाजू ऐकवली. डोळे पुसून म्हणाली, राहू देत पेट्या, पलंगच लहान करू. मग म्हणाली, बाबा मान कशी कलती करून बसायचे ना, आठवतं? तिनं करूनही दाखवली. दोघी हसलो.

ती गेल्यावर मी तशी मान कलती करून पाहिली. इथे तर सरळ बसूनच उत्तम ऐकू येतं. मग ते का तसे बसायचे कोण जाणे. सवय असेल.

३० मार्च, रविवार

जुन्या घराची किल्ली घरमालकाला देऊन आले. त्याआधी एकटीच आत गेले. फरशीवर पेट्यांच्या पायांचे आठ बारीक खड्डे अजून आहेत. पर्समध्ये सुतळी होती, खडू तर असतोच. सहज फास धरला आणि दोन्हीकडून कमानी काढल्या.

त्या कमानी ह्यांची खुर्ची असायची तिथे मिळाल्या नाहीत. मिळाल्या खिडकीपाशी, फरशीवर मशीनच्या तेलाचा डाग आहे तिथे, माझ्या स्टुलाच्या चार खुणांच्या मधोमध. त्यांची खुर्ची तिथून तीन हात बाजूला होती.