उत्तर मनोऱ्यावरची बकरी

३ मार्च

बकरी नोएमीला दिली! उत्तर मनोऱ्यावरची दगडी बकरी, छतावरचं पावसाचं पाणी तोंडातून बाहेर टाकणारी पन्हाळ, जिच्यासाठी मी एकोणीस वर्षं या कॅथेड्रलचे दगड घडवत थांबले. नोएमीला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली. आणि आन्सेल्म, आमचा मुकादम, सगळ्यांसमोर म्हणाला, "ओदील, तुझा हात सफाईचा आहे. पण तिच्या हातात जीव आहे."

जीव म्हणे.

६ मार्च

जुनी बकरी खाली उतरवली. धड सातशे वर्षांपूर्वीचं. तोंड दीडशे वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत कुणीतरी मनानेच बसवलेलं, त्यामुळे ती बकरी कमी आणि पाद्री जास्त दिसते. मग कुणा शहाण्याने भेगांत सिमेंट भरलं. पाणी आत कोंडलं, थंडीत गोठलं, मान फुटली. नोएमी तिच्याजवळ बसून तासभर चित्रं काढत होती. आन्सेल्म तिला कॉफी नेऊन देत होता. मला एकोणीस वर्षांत कधी दिली नाही.

१२ मार्च

नव्या दगडातली तिची बकरी चांगली होते आहे. लिहिताना पोटात दुखतंय, पण होते आहे. शिंगांखालची ती सुरकुती मला सुचली नसती.

१७ मार्च

नोएमीने धूळ धुवायला दगडावर पाणी मारलं. ओल्या दगडात थर दिसले. उभे! खाणीत दगड जसा निजलेला असतो, तसाच भिंतीत निजवायचा, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. उभे थर दोन हिवाळ्यांत पापुद्र्यासारखे सुटून खाली पडतात. खाली शनिवारचा बाजार भरतो.

तिच्या लक्षात आलं नाही. दगड वाळला. मी गप्प राहिले.

१८ मार्च

आजही बोलले नाही. जेवण मात्र छान गेलं.

२३ मार्च

नोएमी म्हणाली, "ओदील, तुम्ही एकदा बघा ना. बाकीचे नुसतं कौतुक करतात, तुम्ही खरं सांगाल."

म्हटलं, "छान झालीय." उद्या वर चढवणार.

२४ मार्च

दोर बांधला, कप्पी फिरली, बकरी जमिनीपासून हातभर उचलली गेली. बाजारातल्या चीजवाल्या मादाम पेलतिए मान वर करून मनोऱ्याकडे बघत होत्या. माझ्याच्याने राहवलं नाही. ओरडले, "उतरवा. थर उभे आहेत."

आन्सेल्मने पाणी मारून पाहिलं. मग विचारलं, "गेल्या शरद ऋतूत हा ठोकळा घडवला कुणी? थरांची दिशा दाखवणारा बाण कुणी मारला?"

नोएमी वाकली, ठोकळ्याची मागची बाजू पाहिली. म्हणाली, "मीच."

"मग तुला अजून ठोकळेच घडवायला हवेत," आन्सेल्म म्हणाला. नवीन दगडातून बकरी मी करायची, असं ठरलं. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खूप झाला.

२६ मार्च

नोएमी काम सोडून गेली. निरोप घ्यायला माझ्याकडेही आली, हात हातात घेतला.

संध्याकाळी मोजमाप घ्यायला तिच्या बकरीकडे गेले. ठोकळा घडवणारा मागे बाण मारतो आणि शेजारी आपली खूण कोरतो. बाण आहे, चुकीच्या दिशेचा. खूण छिन्नीने नुकतीच खरवडली आहे, पण घाईत अर्धी राहून गेली.

खूण माझी आहे.