सात लेकरांचं शांत घर

माय, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे कारण मला पुरलं. आज लिहायला बसले, कारण ज्यांना वाचता येतं त्यांच्यापैकी कुणालाच हे सांगण्यासारखं नाही. जालन्याच्या स्टँडवर गाडी उभी आहे, परतीच्या फेरीला अर्धा तास आहे, ड्रायव्हर चहाला गेलाय.

तुला माहीत नाही ते आधी सांगते. मला एक मुलगी आहे, तीन वर्षांची. नाक अगदी तुझं, नकटं. तिचा बाप कामाला म्हणून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. मी जाफराबादला एसटीत कंडक्टर आहे. पहिली गाडी सहाला निघते, म्हणजे साडेपाचला डेपोत सही. अंगणवाडी उघडते दहाला आणि दुपारी बंद होते. मी घरी येते तीन-साडेतीनला, गाडी बिघडली तर कधीही. या मधल्या वेळात लेकरानं कुठं राहायचं, ते कुठल्याच कागदात लिहिलेलं नसतं. आधी घरमालकाची म्हातारी सांभाळायची, ती पडली आणि अंथरुणाला लागली. मग गल्लीतली एक पोरगी होती, तिचं लग्न ठरलं. शेवटी डेपोच्या मागची मावशी सापडली. ती घरी लेकरं सांभाळते, पहाटे पाचलाही दार उघडते आणि पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा घेते. तरी मी हात जोडले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी तर धरून वर डोकंही टेकवलं.

पहिल्या दिवशी तिचं घर पाहून मी खूश झाले होते. दोन खोल्या, झाडून लख्ख. गोधडीवर ओळीनं सात लेकरं, माझी धरून. आवाज नाही. रडणं नाही, भांडणं नाही, मिक्सर चालू झाला तरी कुणी दचकत नाही. मी ड्रायव्हरला कौतुकानं सांगितलं, "एवढी शिस्त तर शाळेतबी न्हाई." तो दोन लेकरांचा बाप. तो नुसताच म्हणाला, "सात लेकरं अन् गप? बराबर पाह्यलं का तुम्ही?" मला त्याचा राग आला.

माझी पोरगी घरी माझ्या तिकिटाच्या चिमट्यासारखा चमचा वाजवत "तिकीट, तिकीट" ओरडत फिरायची, भिंतीलासुद्धा तिकीट द्यायची. दीड महिन्यात ते बंद झालं. दुपारी मी उचलून आणायची तेव्हा ती ओल्या पोत्यासारखी जड लागायची. हाक मारली की उशिरा बघायची. फ्रॉकच्या गळ्यावर गुलाबी डाग दिसायचा, त्याला गोडसर वास. ऊन आहे, दमली असेल, सरबत सांडलं असेल, असं मी म्हणत गेले. माय, भरल्या गाडीत तिकीट कोण चुकवतंय ते मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते. इथे मला ओळखायचंच नव्हतं.

तुला आठवतं का, मी दहा वर्षांची असताना तुला चारचौघींत बोलले होते? परतूरला, आपल्या दारात. तू जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जायचीस आणि लहानपणी मला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधून जायचीस, हे मला शेजारणीनं हसत हसत सांगितलं होतं. मी ओरडले, "मी काय शेळी होते का?" तू भाकरी थापत होतीस, हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "बांधून जायचे. दुसऱ्या बाया लेकराला अफू चाटवून जायच्या, लेकरं दिवसभर पडून राह्यची. मला ते जमलं न्हाई. तू रडायचीस, पार जिनिंगच्या फाटकापर्यंत ऐकू यायचं. रडून राह्यली म्हंजे जित्ती हाय, असं म्हणून काम करायचे मी." मी त्या दिवशी जेवले नाही. तुझ्या बोलण्यातलं मला फक्त बांधणं ऐकू आलं होतं, बाकीचं ऐकू यायला मला आई व्हावं लागलं.

गेल्या रविवारी मला सुटी होती. सकाळी वरणाला मीठ पुरलं का पाहायला म्हणून मी चमचा तोंडाकडे नेला. पोरगी जवळ आली, तिनं आ केला. मी हसून चमचाभर वरण तिला दिलं. तिनं ते गिळलं, ती कोपऱ्यात गेली, फरशीवर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. कुणी सांगितलं नव्हतं. मी हाक मारली तर डोळे आणखी घट्ट मिटले. माय, मी धुण्यातून तिचा फ्रॉक काढला आणि गळ्यावरचा डाग पुन्हा हुंगला.

सोमवारी मी मावशीला विचारलं, लेकरांना काय देता. ती शरमलीसुद्धा नाही. म्हणाली, "सर्दीचं औषध हाय, दुकानात मिळतंय. अर्धा चमचा. तू काय पहिली इचारणारी न्हाईस, पोरी. समद्यायच्या माया इचारतात, अन् मंग दुसऱ्या दिवशी आणून सोडतात. न्हाई जमत तं दुसरं घर पाहा." तिच्या मागे एक सात-आठ महिन्यांचं लेकरू तोंड उघडं टाकून झोपलं होतं. ओठावर माशी बसलेली. मी कितीतरी वेळ त्याच्या छातीकडे पाहत राहिले. शेवटी ती हलली. मी माझी पोरगी उचलली आणि निघाले. ते लेकरू कुणाचं, हेसुद्धा विचारलं नाही.

तीन दिवस रजा काढून सगळं गाव पालथं घातलं. डेपोतले साहेब म्हणाले, दुपारची ड्युटी देतो, पण ती रात्री दहाला सुटते. अंगणवाडीची बाई म्हणाली, "पहाटं मी कुठून येऊ, माझ्याच लेकरायला कोण पाहील?" विहाराजवळच्या एका काकूनं हो म्हटलं आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं नाही म्हटलं. तुझ्यासारखं बांधून जावं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तुझं फाटक हाकेच्या अंतरावर होतं. माझी गाडी जालन्याला येते.

रजा काल संपली. आता साडेअकरा वाजलेत, म्हणजे औषध देऊन झालं असेल. परतीची माणसं गाडीत चढायला लागलीत, हा कागद मी घडी करून बॅगेत टाकीन आणि घरी गेल्यावर चुलीत घालीन. आज पहाटे मी पोरीला कडेवर घेऊन मावशीच्या दारात उभी होते. हिला एक थेंब जरी दिलात तर पोलिसात जाईन, असं मी घरून ठरवून निघाले होते. मावशीनं दार उघडलं, हात पुढे केले. मी पोरगी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मावशी, हिला जरा कमी द्या."