काकवीची साखर

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. आपण फोनवर बोलतो ते बाबांचं बीपी आणि तुमच्याकडचं हवामान एवढंच, आणि तेही बाबा शेजारी बसलेले असताना. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच 'काहीतरीच काय' म्हणून मला गप्प केलं असतंस. पत्राला गप्प करता येत नाही. एका बैठकीत वाच आणि भावोजींना नंतर दाखव.

आधी ख्यालीखुशाली. मी अजून त्याच लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे, आणि घरी आल्यावर स्वतःचे घासायचा कंटाळा करायचा, असं चाललंय. बाबांनी चष्म्याचं दुकान सोडलं तेव्हा मला वाटलं होतं की आता ते खचणार. पण नाही. शब्दकोडं अजून पेननं सोडवतात, खोडायची वेळ येत नाही. बाहेर पडताना गॅस बंद केलाय का हे मीच विसरते, ते विसरत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय. पुढचं वाचताना तुझ्या मनात येईल की म्हातारा भ्रमिष्ट झाला. माझ्याही आलं होतं.

आईची ती साखर आठवते ना तुला? बसस्टँडवरच्या कँटीनला ती आल्याची बिस्किटं करून द्यायची, त्यासाठी तिला तपकिरी साखरच लागायची. एकदा किराणावाल्याकडे तिनं 'ब्राउन शुगर आहे का' म्हणून खणखणीत आवाजात विचारलं, तर तो बिचारा काउंटरवरून पुढे वाकून म्हणाला, "बाई, हळू बोला, पोलीस दुसऱ्याच कारणानं येतील." तेव्हापासून ती 'काकवीची साखर' म्हणायला लागली आणि घरीच करायला लागली. परातीत पांढरी साखर, वरून चमच्यानं काकवी, आणि मग बोटांच्या टोकांनी चोळत राहायचं. सुरुवातीला सगळं वाया गेल्यासारखं दिसतं, काळ्या गाठी आणि पांढरे पट्टे. चोळता चोळता एका क्षणी रंग सगळीकडे सारखा होतो, ओल्या वाळूसारखा. तू एकदा विचारलं होतंस की हे असं का करायचं, तर ती म्हणाली होती, "कारखान्यात साखरेतून काकवी काढून घेतात, आपण ती परत घालायची. त्यात काय एवढं मोठं." तुला परातीत हात घालू द्यायची. मला कधीच नाही. मी दाबते म्हणायची. माझ्या हातानं लाडू होतील, साखर होणार नाही म्हणायची. तुझ्या हाताचं मात्र तिला कौतुक होतं. तू गेल्यावर ते कौतुक तिनं तोंडातून कधी काढलं नाही, पण एकटी साखर चोळताना ती परातीच्या एकाच बाजूला बसायची. समोरची बाजू रिकामी.

आई गेल्यावर मी तिची साखरेची काचेची बरणी धुऊन, पुसून फडताळात वर ठेवून दिली. घरात बिस्किटं कोण करणार होतं? आणि एका संध्याकाळी कामावरून आले, चहाची पूड काढायला फडताळ उघडलं, तर बरणी खाली आलेली आणि अर्धी भरलेली. झाकण उघडलं. ताई, ताजी होती. हाताला ओलसर लागत होती, आणि वर पावाचा एक तुकडा ठेवलेला, साखर घट्ट होऊ नये म्हणून आई ठेवायची तसा. मला वाटलं, मीच धुतली नसेल, दुःखात माणसाला काय आठवतं. मी ती साखर चहात घालून संपवली. थोड्या दिवसांनी बरणी पुन्हा भरलेली.

बाबांना विचारलं, तर म्हणाले, "आहे ना साखर? मग वापर." पेपरमधून मान वर न करता. बाबांचा संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहा केला नाही, फक्त भिंगं घासली, तो परातीत साखर चोळेल? मग मला घरात वास यायला लागला. संध्याकाळी कुलूप उघडलं की काकवीचा वास, थोडा जळका, थोडा गोड, पडद्यांत बसलेला. मी पडदे धुतले. वास तसाच.

आणि मग खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी मला जिन्यात गाठलं. ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्तानं आत बोलावलं आणि टेप माझ्या खांद्यावर तसाच ठेवून म्हणाल्या, "रागावू नकोस, पण दुपारी तुमच्या घरी तुझी आई बोलते." पुढे म्हणाल्या, "मी इतकी वर्षं तिच्या आवाजाखाली मशीन चालवलंय. मला चुकायचं कारण नाही. आधी वाटलं, तू कॅसेट वगैरे लावतेस."

त्या दिवसापासून मला घरी यायची भीती वाटायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, ओढही. दोन्ही एकदमच.

मग एक दिवस लॅबमधली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. जिना चढताना मावशींचं मशीन बंद होतं. वरून आईचा आवाज येत होता. शपथेवर सांगते. शब्द कळत नव्हते, पण वाक्य संपवताना ती जसा सूर सोडून द्यायची, तस्सा. दाराशी पोचले तसा तो आवाज बदलत गेला, घोगरा झाला, आणि दार ढकललं तेव्हा तो बाबांचा होता. जिन्यातून आईचा, उंबऱ्यातून बाबांचा. मी नंतर खूपदा वरखाली करून पाहिलं आहे. दर वेळी तसंच होतं.

बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, पुढ्यात परात. बोटांच्या टोकांनी साखर चोळत होते, भिंगावरून बोट फिरवावं तशा हलक्या हातानं. आणि बोलत होते. "अहो, तळहात लावू नका, बोटं लावा. किती वेळा सांगायचं." मग स्वतःच्या आवाजात, "बोटंच लावतोय." मग पुन्हा, "काकवी जास्त झाली. झाली ना? मी म्हटलंच होतं." आणि ते हसले, ताई. आई त्यांना टोमणा मारायची तेव्हा हसायचे तसे.

मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, ओठांवर बोट ठेवलं. बोटाला काकवी होती, ती ओठांना लागली. "थांब जरा," म्हणाले, "ती बोलतेय."

साखर झाली, बरणीत भरली, पावाचा तुकडा ठेवला, परात घासून उपडी घातली, आणि बाबा जसेच्या तसे झाले. मी विचारलं तर अगदी सरळ सांगितलं. आई गेल्यावर एका दुपारी त्यांना फार एकटं वाटलं. काहीतरी करावं म्हणून परात घेतली, तिला इतकी वर्षं बघितलं होतं त्या अंदाजानं. हात चुकला, आणि तिनं टोकलं. "म्हणजे तुम्हाला भास झाला," मी म्हटलं. "तसं समज," ते म्हणाले. "मला टोकणारं कोणी उरलं नव्हतं. ती टोकते, मला बरं वाटतं. तुझं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं. डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, हे मला कळत होतं. नेलं नाही. उलट मी लॅबमध्ये सांगून सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारी घरी यायला लागले. भिंतीला टेकून बसायचे. आधी नुसतं ऐकायचे. मग एक दिवस धीर करून विचारलं, "आई, तुझी ती लोकरीची शाल कुठे आहे?" बाबांचे हात थांबले नाहीत. "पलंगाखालच्या पेटीत, जुन्या चादरीच्या आत." पाहिलं, तर होती. अर्थात बाबांनाही ते माहीत असू शकतं. मी स्वतःला तसंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. काहीबाही विचारायचे. लहानपणी मला गोवर आली तेव्हा तू काय गाणं म्हणायचीस. मी खरंच साखर दाबते का. उत्तरं यायची. ती कधी माझ्याकडे बघून बोलायची नाही, परातीत बघूनच बोलायची. तरी मी इतकी सुखात होते की कामावर कोणीतरी विचारलं, कुठे जमलंय का तुझं.

बरण्या भरत गेल्या. शिवणवाल्या मावशींना दोन दिल्या. त्यांनी घेतल्या, पण उघडल्या नसाव्यात.

गेल्या आठवड्यात मी तुझ्याबद्दल विचारलं.

तुला माहीत आहे, तुझ्या जाण्याबद्दल आम्हाला घरात एकच गोष्ट सांगितली गेली. मी कॉलेजात होते, बाबा दुकानात. परत आलो तर तू नव्हतीस आणि आई म्हणाली, "गेली त्या फोटोवाल्याकडे. बायको सोडलेला, पदरात पोर असलेला माणूस. एक शब्द न बोलता गेली." आम्ही तेच धरून चाललो. तूही कधी दुसरं काही सांगितलं नाहीस. आई गेली तेव्हा तू आलीस आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहिलीस. मी खाली येऊन म्हटलं, वर चल, आणि तू नुसती मान हलवलीस. मी तुला काय काय बोलले ते मला पाठ आहे. तू एकदाही उलटून बोलली नाहीस. मला वाटलं, किती निबर झालीय ही.

तर मी विचारलं, "आई, ताई का गेली?"

बाबांचे हात थांबले. माझ्या प्रश्नानं ते आधी कधीच थांबले नव्हते. परातीत अजून पांढरे पट्टे होते. मग तो आवाज आला, खालून मावशींनी काय ऐकलं असेल देव जाणे. "ती गेली नाही. मी घालवली. इथंच बसली होती, माझ्या समोर, साखर चोळत. चोळता चोळता म्हणाली, आई, मी त्याच्याशी लग्न करणार. मी म्हटलं, ऊठ, आणि या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. ती उठली. कोपरापर्यंत काकवी होती. म्हणाली, आई, हात तरी धुऊ दे. ती नळाशी गेली आणि मी नळ बंद केला. तशीच गेली पोर, हात अंगापासून लांब धरून, कपड्यांना लागू नये म्हणून."

एवढं बोलून बाबांनी साखर पुन्हा चोळायला घेतली. बरणी भरून झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही आत्ता काय बोललात?" त्यांना फक्त 'काकवी कमी पडली' एवढंच आठवत होतं. "थोरली गेली तेव्हा मी दुकानात होतो," म्हणाले. "मला काय माहीत?" आईनं शेवटच्या आजारपणात त्यांना कधी सांगितलं का, हेही विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे विचारवेना.

ताई, त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही दोघीच होतात. एक आता नाही. म्हणून हे पत्र तुला. आईनं नळ खरंच बंद केला होता का, एवढंच मला विचारायचंय. नाही म्हणालीस तर बाबांच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, मी उद्याच त्यांना डॉक्टरकडे नेते, परात माळ्यावर टाकते आणि आमच्या दुपारी संपवते. हो म्हणालीस तर मला काय करायचं ते कळत नाही. कारण चार दिवसांपूर्वी न विचारताच तो आवाज म्हणाला, "थोरली आली का?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी खोटं सांगितलं की निघालीय. तेव्हापासून बाबा दुपारी परातीच्या एका बाजूला सरकून बसतात आणि जिन्यात पाऊल वाजलं की दोघंही बोलायचं थांबतात.

तुझीच,
धाकटी