बाबांची शेवटची दुपार

मंगळवार, संध्याकाळ

माय देवळात गेली तेव्हा कॅमेऱ्याचा डीव्हीआर लावला. चोरांच्या भीतीनं अंगणात कॅमेरा बसवला होता, त्यात बाबांची शेवटची दुपार निघाली. वाळत घातलेलं उन्हाळी धान पायानं पसरवता पसरवता ते खाली बसले, मग आडवे झाले. तोंड दाराकडे, ओठ हलत होते. आवाज रेकॉर्ड होत नाही. पण हाकच मारत असतील, दुसरं काय? आत माय कूलर लावून झोपली होती. बाबा एका क्षणात गेले, असं ती सगळ्यांना सांगते. त्यावरच ती उभी आहे. ओठ बराच वेळ हलत होते.

फाटक वाजलं. घाईघाईत अख्खी डिस्कच फॉरमॅट करून पुसून टाकली.

“काय पाहून राहिला रे? तुये बाबा दिसते का त्याच्यात?”

“नाही माय. मशीन बिघडली होती, काहीच नाही त्यात.”

ती खुर्चीत बसली. “मले वाटलं होतं, एखांद्या सकाळी गाईले चारा टाकताना तरी दिसतीन.”

त्या सगळ्या सकाळी होत्या त्यात. मी त्या बघितल्यासुद्धा नव्हत्या.