शलामाची हाडे गोळा करण्याबाबत

मी अझर्या, हनमेलचा मुलगा, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, धंदा पाथरवट, राहणार यरुशलेम, शिलोआम तळ्याच्या वरची आळी, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने नव्हे, द्राक्षारसाचा थेंब न घेता आणि डोके ठिकाणावर असताना सांगत आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही. तीस वर्षे चुनखडीची धूळ गिळली, ती आता खोकल्यातून हिशेब चुकता करते आहे. लिहून घेणारा योएजर लेखनिक. त्याला बजावले आहे, की मी बोलेन ते सगळे लिही, शहाणपणाने काही गाळू नकोस.

आधी एक कबुली. आमच्या मंडळीत मृत्युपत्र करणे जवळपास पाप समजतात. क्रुसावर गेलेला आमचा प्रभू परत येणार, मेलेले उठणार, त्याचे राज्य येणार आणि ते आपण याच डोळ्यांनी बघणार, ही आमची आशा. मग घर कुणाचे नि छिन्नी कुणाची याची काळजी करणाऱ्याचा विश्वास कच्चा. माझा कच्चा नाही. तो होता तसाच आहे, मी झिजलो.

कलम पहिले. माझी बायको शलामसियोन, जिला सगळे शलामा म्हणत, हिला जाऊन नऊ वर्षे झाली. किद्रोन ओढ्यापलीकडे मी स्वतः कोरलेल्या गुहेत ती कट्ट्यावर निजवलेली आहे. अजून निजवलेलीच आहे. वर्ष सरले, मांस मातीला मिळाले, की हाडे गोळा करून दगडी पेटीत ठेवायची, ही या शहराची रीत, आणि त्या पेट्या घडवणे हा माझा धंदा. अर्ध्या यरुशलेमची हाडे माझ्या हातच्या पेट्यांत आहेत. माझ्या बायकोची तेवढी उघड्यावर.

हे मी समजून उमजून केले. ती गेली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटत होते, की प्रभू फार तर पुढच्या वल्हांडणाच्या सणापर्यंत येईल. वर्ष भरले तेव्हा मी पेटीसाठी दगड निवडला. मंडळीतला वडीलधारा बनाया अंगणात येऊन उभा राहिला.

"अझर्या, ती उठणार ना?"

"उठणार."

"मग उठेल तेव्हा डोकं एका कोपऱ्यात नि मांड्या तळाशी? बाकीचे राज्यात पोचून जेवायला बसतील आणि ही बिचारी पेटीत बसून स्वतःला जुळवत राहील!"

मला ते पटले. पाथरवटाला दगडाची शीर कळते, वादातली कळत नाही. मी तिला अखंड ठेवली. गुहेच्या तोंडचा धोंडा चुन्याने बंद केला नाही, बाईच्या हाताने ढकलता येईल इतका सैल ठेवला. आत तिच्या चपला ठेवल्या, कारण किद्रोनच्या वाटेवर काटे फार. आठवड्याच्या पहिल्या दिवशी जाऊन घागरीतले पाणी बदलत आलो, कारण इतक्या झोपेनंतर तहान लागणारच. हसणाऱ्याने खुशाल हसावे.

हसला नाही तो मत्तन. मत्तन हा शलामाचा भाऊ, जैतूनाच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचा तेलाचा घाणा आहे. आमची आशा त्याला मान्य नाही. गुहा माझी, बायको माझी, म्हणून हाडांना हात लावायचा हक्क माझा, आणि रीतीला धरून चालणारा हा माणूस, माझ्या होकाराशिवाय त्याने धोंड्याला बोट लावले नाही. पण दर वर्षी एलूल महिन्यात दारात येऊन उभा राहायचा. पहिल्या वर्षी म्हणाला, "दाजी, गोळा करू या." दुसऱ्या वर्षी म्हणाला, "दाजी, जकातदाराच्या सासूला पाकळ्या कोरलेली पेटी, आणि माझ्या बहिणीला उंदीर?" पुढे पुढे तो मला दाजी म्हणेनासा झाला. "काय पाथरवट, आला का तुमचा राजा?" एवढेच विचारायचा. गेली तीन वर्षे तेही नाही.

गेल्या हिवाळ्यात पाऊस दांडगा झाला. गुहेत पाणी शिरले. मी गेलो तेव्हा तिच्या पावलांची हाडे कट्ट्यावरून खाली येऊन, वाहत वाहत धोंड्यापाशी आली होती. खोटे कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला वाटले, ती निघाली. मी चिखलात गुडघे टेकून "ये, ये" म्हणालो. मग दिवा जरा पुढे धरला. पावले तेवढी दाराशी आली होती, बाकीची शलामा मागेच राहिली होती. आशेच्या नावाखाली मी तिला आठ वर्षे ताटकळत ठेवली हे त्या दिवशी कळले.

म्हणून लिहून ठेवतो, की पेटी घडवून तयार आहे, अंगणात चटईखाली. लांबी मांडीच्या हाडावर धरतात, रुंदी कवटीवर. तिचे माप घ्यावे लागले नाही. सतरा वर्षे तळ्यावरून घागर घेऊन येणाऱ्या तिच्या मागून मी चाललो आहे. तिला ते आवडत नसे. "अहो, माप घेतल्यासारखं बघू नका माझ्याकडे, लोक काय म्हणतील!" मी तेव्हा माप घेत नव्हतो, हे तिला कधी सांगितले नाही.

माझ्या पश्चात मत्तनने आणि माझी मुलगी अबीगैल हिने मिळून शलामाची हाडे गोळा करावीत. माझा हक्क मी मत्तनला देतो. तळाशी लांब हाडे, त्यांवर बारीक, कवटी शेवटी, हे अबीगैलला ठाऊक आहे. बनायाने हरकत घेऊ नये. जो मातीतून माणूस उभा करतो त्याला हाडांची जुळणी शिकवायला पाथरवट लागत नाही.

मत्तन नाही म्हणाला तर? मरणाचे भय मला फारसे नाही, याचे आहे. पोरीला एकटीला ते झेपणार नाही, आणि शलामाला परक्याने हात लावावा असे मला वाटत नाही. अबीगैल मघाशी त्याला बोलवायला घाण्यावर गेली आहे. अजून आलेली नाही. योएजर, पुढे लिही.

कलम दुसरे. खालचे घर आणि अंगण अबीगैलचे. माडी मंडळीची, आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र भाकरी मोडण्यापुरती. अट एकच, बनायाने जेवण वाढून झाल्यावर उपदेश करू नये. गेल्या खेपेला डाळ दोनदा गरम करावी लागली.

कलम तिसरे. छिन्न्या, हातोड्या, गुण्या आणि गोल आखण्याचे दोन पायांचे लोखंडी हत्यार, सगळे अबीगैलला. आळीतले पाथरवट म्हणतील, बाईच्या हाती छिन्नी? त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, की गेल्या सहा वर्षांत माझ्या पेट्यांवरच्या ज्या पाकळ्यांचे त्यांनी तोंडभर कौतुक केले, त्या माझ्या नव्हत्या. माझा हात कधीच थरथरू लागला होता. हे मी जिवंतपणी सांगायला हवे होते. माझा मोठेपणा आड आला.

कलम चौथे, जुन्या कुरापती. मंडळीतल्या ज्या भावांनी भर सभेत "आता कुणी मरणार नाही" म्हणून आमेन ठोकले आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराने येऊन "सहज विचारतो, म्हाताऱ्यासाठी केवढी पेटी लागेल?" असे विचारले, त्यांची नावे मी सांगत नाही. त्यांच्या पेट्या मी चांगल्याच घडवल्या. माणसाने दोन्हीकडून तयार असावे, हे मी त्यांच्याकडून शिकलो, जरा उशिरा. बनायाला माफ केले. तो वाईट माणूस नाही. त्याचीही बायको गेली आहे, आणि तिचीही हाडे त्याने गोळा केलेली नाहीत, हे मला यंदाच कळले. त्याच्या मनात आले तर अबीगैलने तिच्यासाठी पेटी घडवून द्यावी.

राज्य येणार. फक्त कधी, ते सांगणे पाथरवटाचे काम नाही.

लेखनिकाची नोंद. येथवर सांगून झाले तेव्हा अबीगैल परत आली. तिच्यामागे मत्तन होता, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. मृत्युपत्र करणाऱ्याच्या सांगण्यावरून मी कलम पहिले मोठ्याने वाचले. पावलांच्या हाडांचा मजकूर आला तेव्हा मत्तनने भिंतीकडे तोंड केले. वाचन संपले. मग पुढील बोलणे झाले, ते सांगितल्याप्रमाणे न गाळता लिहिले आहे.

"तुमच्या पश्चात म्हणजे कधी?" मत्तन.

"वैद्य म्हणतो, पावसाआधी."

"म्हणजे पुन्हा वाट बघायची. आधी राजाची बघितली, आता तुमची बघायची. तिनं कितीदा थांबायचं?"

"मला चालवत नाही रे, मत्तन. तळ्यापर्यंत जायचं तरी दम लागतो."

"घाण्याचं गाढव आणतो. तुम्ही वर बसा, मी धरतो. आज वीस तारीख. उद्या गोळा केलं तर हाडांचा सात दिवसांचा विटाळ मंडपांच्या सणाआधी फिटेल. अबीगैल, पेटी दोघांना उचलवेल ना गं?"

"उचलवेल, मामा."

"मग झालं. उद्या सूर्य मावळेपर्यंत रडायचं, मावळला की जेवायचं, रीतच आहे तशी. मी मासे आणतो. तिला खारे आवडायचे." मग तो घरात आला, आणि येताना म्हणाला, "दाजी, सरका जरा."

सबब मृत्युपत्र करणाऱ्याच्या इच्छेने कलम पहिले रद्द केले आहे. कारण, ते काम तो उद्या स्वतः करणार आहे. बाकीची कलमे कायम. मत्तनला साक्षीदार म्हणून सही करायची होती. जवळच्या नातलगाची साक्ष चालत नाही, असे मी सांगितले. तो म्हणाला, "बरं झालं. नातलग आहे असं लेखात राहील."

अझर्या, हनमेलचा मुलगा. सही स्वतःच्या हाताने, अक्षर हललेले आहे.

साक्षीदार :
तोविया, हारीमचा मुलगा, कुंभार, शेजारी.
बनाया, इद्दोचा मुलगा. हाडांविषयी माझी हरकत होती ती तशीच आहे. उद्या सोबत येतो.

लिहिणार : योएजर लेखनिक.

यरुशलेम, एलूल महिन्याचा विसावा दिवस, नीरो कैसराचे आठवे वर्ष.