दोन मानांचा रोहित

बाई,

माझी एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घेईल असं या शहरात कोणी उरलेलं नाही म्हणून तुमच्याकडे आले आहे. दुर्बिणीला चार झाकणं असतात. दोन पुढे, दोन मागे. माणूस चंद्रावर जाऊन आला, परळच्या गिरण्यांच्या जागी चाळीस-चाळीस मजले चढले, पण ही चार झाकणं दुर्बिणीला धरून राहतील अशी सोय अजून कोणाला सुचलेली नाही. पक्षी दिसला की पहिलं झाकण काढायचं, ते दातांत धरायचं. दुसरं काढायचं, ते बगलेत. तिसरं काढेपर्यंत पक्षी उरणला पोचलेला असतो. चौथं काढायची वेळ माझ्यावर आलेलीच नाही, कारण ते पहिल्याच दिवशी एकोणिसाव्या मजल्यावरून खाली गेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे चौकशी केली तर म्हणाले, "मॅडम, आधी पार्किंगचं बघू, मग झाकणांचं." तर विषय दुर्बिणीचा आहे. आणि तुमच्या डोळ्यांचा. डोळ्यांचं आधी सांगायला हवं, पण नववीत असतानाही मी ते आधी सांगितलं नव्हतं, तेव्हा आताही जरा वळसा घालून येते.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. त्यात आम्हाला जे घर मिळालं त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, शिवडीची खाडी दिसते. फट एवढीशी, पण हिवाळ्यात ओहोटी लागली की तिच्यात एक गुलाबी पट्टा उमटतो. मी म्हणते ते रोहित आहेत. बाकी सगळे त्यांना फ्लेमिंगो म्हणतात; मी तुमची विद्यार्थिनी, मी रोहितच म्हणते. नवरा म्हणतो, "प्लास्टिक आहे गं ते. पिशव्या. भरतीला वाहून येतात."

"मग भरती आली की उडून कशा जातात?"

"वाऱ्याने."

वीस वर्षांच्या संसारात माणसाला एकदा तरी पुराव्यानिशी हरवावं ही इच्छा काही वावगी नाही. लोक निसर्गप्रेमापोटी दुर्बीण घेतात, मी नवऱ्याला खोटं पाडायला घेतली.

इमारतीच्या ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांचा पाऊस पडला. ज्यांनी आयुष्यात कबुतराखेरीज पक्षी पाहिलेला नाही ते सांगू लागले की वीसपटीच्या खाली बघूच नका. शेवटी फोर्टात एका जुन्या दुकानात गेले. मालक सत्तरीचे, काउंटरमागे उंच स्टुलावर बसलेले. मी वीसपट म्हटल्यावर त्यांनी खरोखरच वीसपटीची काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "समोर पाटी वाचा." पाटी नाचत होती. "हात पण वीसपट हलतो, मॅडम. ती स्टँडवर लावायची वस्तू. पक्ष्याला आठ बस. फार तर दहा." मग त्यांनी आठ गुणिले बेचाळीसची काढली. आठ म्हणजे किती पट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. काच मोठी तितका उजेड जास्त, आणि वजनही जास्त, आणि वजन दुकानात कळत नाही, दोन तासांनी मानेला कळतं. चष्मेवाल्यांसाठी मागची रबरी कडी खाली फिरवायची. तशी फिरवूनही चित्राभोवती काळं कडं दिसलं तर ती दुर्बीण आपली नव्हे, मग ती कितीही स्वस्त असो. हे सगळं त्यांनी मला तुमच्याइतक्याच तुसडेपणाने समजावलं, त्यामुळे लगेच विश्वास बसला.

पैसे देण्याआधी म्हणाले, "आता लास्ट टेस्ट. समोरच्या गच्चीच्या कठड्याची लाइन पकडा. डावा डोळा मिटा. उघडा. उजवा मिटा. लाइन वर-खाली उडी मारते?"

"नाही."

"मारली तर समजायचं, कधीतरी पडलेली आहे. आतलं प्रिझम हललं."

"काच न फुटता?"

"काच फुटली तर बरं असतं. मालकाला समजतं तरी. प्रिझम हललं की एकाचे दोन दिसतात, कपाळ दुखतं, आणि मालक दुर्बिणीला सोडून आपल्या डोळ्यांना शिव्या देतो."

मी दुर्बीण काउंटरवर ठेवली. त्यांनी विचारलं, "क्या हुआ, उडी मारली?" मी म्हटलं, नाही, लाइन ठीक आहे, हीच द्या.

बाई, तुमची दुर्बीण कातडी पेटीत, प्रयोगशाळेच्या कपाटात, बेडकाच्या बरणीशेजारी असायची. महिन्यातल्या दोन रविवारी तुम्ही आम्हा सहा-सात मुलींना बसने शिवडीच्या धक्क्यावर न्यायचात. चिखल, तेलाचा वास, कलंडलेले पडाव, खारफुटी, आणि त्यापलीकडे रोहित, माना खाली घालून चिखल गाळत चाललेले, दिवाळीनंतर पेपर तपासणाऱ्या मास्तरांसारखे. हे मी मोठ्याने म्हटलं होतं. तुम्ही न वळता म्हणालात, "तुझ्या जिभेला ओहोटी कधी लागते गं? पक्ष्यांना कान असतात." सगळ्या हसल्या. मग पाच मिनिटांनी, पेपर तपासणाऱ्या मास्तरांकडे नीट बघून, तुम्हीही हसलात. दुर्बीण सर्वांच्या हातात अर्धा-अर्धा मिनिट यायची, त्यात फोकसही जमायचा नाही, उरलेला वेळ तुमच्याकडे. तुम्ही मोजायचात, ओठ हलवत, आणि वहीत लिहायचात.

प्रयोगशाळेची मॉनिटर मी. कपाटाची किल्ली माझ्याकडे. एका बुधवारी मधल्या सुट्टीत मी दुर्बीण काढून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहते, आमच्या चाळीची गॅलरी शोधते. मला बघायचं आहे की दुपारी आई खरंच झोपते की शेजारणीशी माझ्याबद्दल बोलते. पट्टा गळ्यात घातलेला नाही. खिडकीच्या चौकटीवरून ती शहाबादी फरशीवर पडते. आवाज फार मोठा होत नाही. काच शाबूत आहे, ओरखडासुद्धा नाही. मी ती फ्रॉकला पुसते, पेटीत ठेवते, कपाट लावते, आणि डबा खायला जाते. डब्यात काय होतं तेही आठवतं. भेंडी.

त्या रविवारी तुम्ही दोनदा दुर्बीण खाली घेऊन कपाळ दाबलंत. त्यानंतरच्या वेळीही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात. ते म्हणाले, नंबर तोच आहे. मग तुम्ही विज्ञानाच्या बाईने जे करावं तेच केलंत. धक्क्यावर मला बाजूला घेतलंत, दुर्बीण माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तो एकटा उभा आहे तो बघ. एक दिसतो की दोन? घाई नको. बघ आणि सांग." मी बघितलं. एका रोहिताला दोन माना होत्या. एक त्याची आणि एक जरा वर, तिरकी, त्याचं भूत मानगुटीवर बसल्यासारखी. मी म्हणाले, "एक, बाई. एकदम क्लिअर." दोन म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कधीपासून? किल्ली कोणाकडे होती?

तुम्ही मान हलवलीत. "तरुण डोळे," म्हणालात, आणि पेटी बंद केलीत. त्या वर्षीची शेवटची सहल तुम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहिलीत. दुर्बीण मला देऊन, "काय करतायत, सांग" असं विचारत. पुढच्या वर्षीपासून सहली नव्हत्या. त्यानंतर सातआठ वर्षांनी तुम्ही गेलात, आणि या सगळ्या काळात मी माझी समजूत अशी घातली की माणसांचे डोळे जातातच.

दुकानातून घरी आले, पट्टा पाहिला. रोहितच आहेत. नवरा म्हणाला, "बरं, काही काही रोहित असतील." जिंकल्याचा आनंद चहा होईपर्यंतही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी गिरगावात गेले.

तुमच्या धाकट्या बहिणीला आम्ही मावशी म्हणायचो. त्याच दोन खोल्यांत राहतात, साड्यांना फॉल लावायचं आता बंद केलंय. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना रस्त्यापलीकडल्या वाण्याच्या काट्यावरचे आकडे दिसतात आणि त्या ते वरून ओरडून सांगतात. दुर्बीण त्यांनी ट्रंकेतून काढून दिली. मी गॅलरीत उभी राहिले, समोरच्या इमारतीचा कठडा दुर्बिणीत पकडला, एक डोळा मिटला, मग दुसरा. लाइनीने चांगलीच उडी मारली. मग मी मावशींना सगळं सांगितलं. फरशी, भेंडी, दोन माना, सगळं.

त्यांनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे तिचे डोळे चांगले होते?"

"हो."

"आणि मी आपली समजत होते माझ्यामुळे गेले. रोज शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवायची माझ्यासाठी. मला वाटायचं, त्यानेच..." त्या थांबल्या. "अगं, पण शेवटपर्यंत ओवायची की. एका झटक्यात. जिचे डोळे गेले ती सुई कशी ओवेल? मला मूर्खीला कळायला नको?"

"मावशी, तुम्ही नाही, मी..."

"तू तर कार्टीच. नंतर तरी सांगायचंस?"

"दुसऱ्या दिवशी गेले होते सांगायला. स्टाफरूममध्ये बाई नव्हत्या."

"हं," म्हणाल्या, आणि पेटीच्या तळाशी ठेवलेली तुमची वही काढून दिली. शेवटच्या पानावर पक्ष्यांचे आकडे नाहीत. दोनच ओळी आहेत: दुर्बीण तपासली, विद्यार्थिनीला एकच प्रतिमा दिसते. दोष माझ्या डोळ्यांत.

मी विचारलं, इथे लिहू का. "तिच्या वहीत? हात तोडला असता तिने," मावशी म्हणाल्या, आणि पेन आणून दिलं. मी लिहिलं की विद्यार्थिनीला दोन प्रतिमा दिसल्या होत्या, तिने एक सांगितली. दुर्बीण त्याआधी तिच्याच हातून पडली होती. बाईंचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते. खाली सही केली. मावशींनी वही हातभर लांब धरून वाचली. "सुयांचं लिहिलं नाहीस," म्हणाल्या. "पुरावा नको? तिला चालायचं नाही." मग सुयांचंही लिहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, आणि मावशींना तर मुळीच दाखवायचं नाहीये. कारण स्टाफरूममध्ये तुम्ही होतात, बाई. दारातून दिसत होतात, वह्या तपासत, एका हाताने कपाळ धरून. मी परत फिरले.

नाही, गिरगावात पुन्हा जाऊन वहीत हेही लिहून येते. पानावर जागा आहे.